कणगीतला नवरा

पाळी, डिचोली
२६ डिसेंबर १९८७

ती. नारायणदादास, मुक्काम बहारीन,

तुझा आतेभाऊ शिवदास इथूनच वाकून नमस्कार करतो, तो समुद्रापलीकडे पोचला असं समज. तुझी तब्येत कशी आहे? तिकडे थंडी पडते की नाही? मागच्या पत्रात खोकला लिहिला होतास, त्याचं पुढे काय झालं ते तू लिहिलं नाहीस, आणि गंगामामी आई तुझी, पण रोज विचारते मला, जसा काही तुझा खोकला माझ्याकडे ठेवायला दिलाय. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मामीचा गुडघा दुखतो पण देवळापर्यंत जाते. तुझी प्राजक्ता सातवीत पहिली आली. देवकीवहिनी ठीक आहेत. (त्यांच्याबद्दल पुढे येईलच.) मे महिन्यात आपलं गोवा राज्य झालं हे तू रेडिओवर ऐकलं असशील. राज्य झालं, पण डिचोलीची बस तीच आणि तिचा कंडक्टरही तोच, त्यामुळे आम्हाला अजून नीटसं कळलेलं नाही. भाषेवरून मात्र घरोघरी वाद चालतात. आपल्या नाटकवाल्यांचं त्यात काही अडत नाही. आपला राजा रंगमंचावर मराठीत रडतो आणि विंगेत मिशी सापडली नाही की कोंकणीत शिव्या देतो, हे तुला ठाऊकच आहे.

आता मुद्द्यावर येतो. यंदा माघ पुनवेच्या जत्रेचं नाटक मी लिहितोय आणि मीच बसवतोय. हसू नकोस. एकोणीस वर्षं मी विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग केलं, लोकांच्या तोंडात वाक्यं घातली, आणि टाळ्या त्यांनी घेतल्या. यंदा म्हटलं, बस झालं. कमिटीनं अट घातली आहे की पौष पुनवेच्या आत, म्हणजे आजपासून आठ दिवसांत, नाटकाचं नाव आणि सगळ्या पात्रांची नावं लिहून द्यायची. नाही दिली तर जत्रेची रात्र खालच्या वाड्याला जाणार. बावन्न वर्षं ती रात्र आपल्या वरच्या वाड्याकडे आहे. खालच्या वाड्यानं पडदासुद्धा रंगवून ठेवलाय, मेल्यांनी! तेव्हा आकाश कोसळलं तरी मी हे नाटक उभं करणार आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

नाटक कुठलं, विचारशील. तर ते तूच पाठवलंस. गणपतीत तू मित्राबरोबर व्हीसीआर आणि त्या परदेशी मालिकेच्या पाच कॅसेटी धाडल्यास ना, तीच ही. (सहावी कॅसेट नाही. पाकिटावर सहा लिहिलंय, आत पाच. मित्राला विचार.) आम्ही पाच रविवार दुपारी जेवून तुझ्या घरी जमलो. अख्खा वाडा होता, जनेलाबाहेरसुद्धा माणसं उभी. देश कुठला ते कळेना, सगळीकडे बर्फ. बोलणं कळेना, आणि खाली अक्षरं अरबी. गोकुळदासभाऊंनी (भाताची गिरण चालवतात ते, आता कमिटीचे अध्यक्षही झालेत) पहिल्याच रविवारी जाहीर केलं की ही भक्तिकथा आहे, कारण एक बाई सारखी देवळासारख्या इमारतीत जात होती. दुसऱ्या रविवारी त्या इमारतीत मासे निघाले. तेव्हा देवकीवहिनी, ज्या मागे दाराशी बसून कोकमाची सोलं निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता सगळं सांगितलं. त्या बाईचा नवरा जिन्यावरून पडून मेलाय, तिनं त्याला माशांच्या बर्फाच्या पेटीत ठेवलंय, आणि गावाला सांगितलंय की तो परदेशी नोकरीला गेला. मी विचारलं, म्हणजे तिनं त्याला मारला? तर वहिनी म्हणाल्या, "मारला कुठं? तो आपला पडला. हिला बरं वाटलं, तेवढंच."

दादा, मी तुला खरं सांगतो, मला तिथंच अंगावर काटा आला. मग पाचही कॅसेटी पुन्हा पाहिल्या. भीतीही वाटते आणि हसूही येतं, असलं आपल्या जत्रेत कधी झालेलं नाही. फौजदार घरी येतो आणि नेमका त्याच पेटीवर बसून चहा पितो! गावातली माणसं त्या नवऱ्याची आठवण काढून रडतात आणि बाई मान हलवत त्यांना बिस्किटं देते. मी ठरवलं, हेच करायचं. आता बर्फ आपल्याकडे कुठून आणायचा? तर बर्फाच्या जागी मी खाणीची तांबडी धूळ घेतली. ती झाडांवर, कौलांवर, कपड्यांवर तशीच बसते, आणि फुकट. जत्रेत मासे नकोत म्हणून माशांची पेटी काढली आणि भाताची कणगी ठेवली. माणूस आत उभा मावतो, वर चटई टाकली की झालं. नवऱ्याला मी खाणीवरचा मुकादम केला.

इथपर्यंत सोपं होतं. मग गोकुळदासभाऊंनी विचारलं, जत्रेच्या रात्री देवासमोर मढं ठेवणार काय रे तू? मी म्हटलं, खोटं मढं. ते म्हणाले, सुतक खोटं असतं काय? झालं. प्रकरण देवाच्या कौलावर गेलं. आपला सगुण गुरव नाहून आला, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, आणि गाऱ्हाणं घातलं की नाटकात एक पुरुष मरून पडला तर चालत असेल तर उजवी पाकळी दे, नसेल तर डावी. तर दोन मिनिटांत टपकन डावी. मी म्हटलं, मरून कणगीत उभा राहिला तर? पुन्हा डावी. मी तरी सोडतोय काय! सगुणाला म्हटलं, असं विचार की मेला नाही, नुसता बेशुद्ध आहे, आणि बायकोला वाटतं की मेला. सगुण म्हणाला, एवढं लांबलचक देवाला सांगायला मला पुन्हा नाहायला पाहिजे. नाहून आला. पाऊण तास पाकळी हलेना. शेवटी पडली ती उजवी. म्हणजे आता जगातली ही पहिली खुनाची गोष्ट असेल की जिच्यात खून नाही, मयत नाही, आणि हे सगळं देवाच्या संमतीनं. मी तेही मान्य केलं.

नवरा मरत नाही म्हटल्यावर ते काम करायला एका दिवसात सात जण तयार झाले, जे आदल्या दिवशी मला घरातून हाकलत होते. गोकुळदासभाऊ अध्यक्ष, त्यामुळे काम त्यांना. आता त्यांचा आवाज तुला माहीत आहे. दोन पदं पाहिजेतच म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही दुसऱ्या प्रवेशापासून बेशुद्ध आहात. तर म्हणाले, बेशुद्धीत माणूस जास्त सुरात गातो. शेवटी तोडगा असा निघाला की एक पद कणगीच्या आतून गायचं, आणि बायकोला वाटतं की हा त्याचा आत्मा. (तालमीत ते इतकं भारी झालं की आपला शांताराम पेटीवाला सूर सोडून कणगीकडे बघत बसला. आतून आवाज घुमतो. त्या परदेशी लोकांना हे सुचलेलं नाही.)

गेल्या रविवारी गावासमोर रंगीत तालीम केली, आणि तिथं जे झालं ते लिहितानाही माझं डोकं तापतं. फौजदार घराची झडती घेतोय. कणगीकडे सरकतोय. बायामाणसं श्वास रोखून बसलीत, एक पोर रडायला लागलं, मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात सगुण गुरवानं माईकवर पुकारलं की गोकुळदास यांनी आतून म्हटलेल्या पदाबद्दल देवस्थानातर्फे शाल आणि प्रसादाचा नारळ. प्रसादाचा नारळ कोण नाकारणार? कणगीवरची चटई बाजूला झाली, आमचा बेशुद्ध नवरा बाहेर आला, शाल घेतली, नारळ कपाळाला लावला, देवाला, प्रेक्षकांना आणि (हे सगळ्यांत वाईट) फौजदाराला नमस्कार केला, आणि शाल पांघरून परत कणगीत जाऊन उभा राहिला. वरून चटईही स्वतःच ओढून घेतली. फौजदाराचं काम करतो तो गौरेश साधा पोरगा, त्याचं पुढचं वाक्य होतं, "या घरात पुरुषमाणसाचा मागमूस नाही!" ते त्यानं म्हटलं. लोक हसून हसून बाकांवरून घसरले, आणि मी विंगेत रडलो, खोटं कशाला सांगू? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, लोक घाबरले होते आणि त्याच लोकांना हसू आलं, म्हणजे मला पाहिजे होतं तेच तर झालं. आता ते शाल-नारळ मी नाटकातच लिहून टाकलंय. सगुणाला सांगितलं, जत्रेच्या रात्री नेमक्या त्याच जागी पुकार. एक क्षण पुढे-मागे झाला तर तुझ्याशी बोलणार नाही.

राहिला शेवट. सहावी कॅसेट नसल्यामुळे तिकडे काय होतं कोणाला ठाऊक नाही. गोकुळदासभाऊंचं म्हणणं, नवरा शुद्धीवर येऊन बाहेर यावा, बायकोनं पाय धरावेत, त्यानं क्षमा करून दुसरं पद म्हणावं. मला ते मुळीच मान्य नाही. मग आपल्या नायिकेनंच एक शेवट सुचवला. तो ऐकून भाऊंनी दुसरं पद स्वतःच्या हातानं खोडलं, जे मी आयुष्यात प्रथम पाहिलं. तोच ठेवलाय. काय आहे तो, पत्रात लिहू नकोस असं तिनं बजावलंय, म्हणून लिहीत नाही.

कागद संपत आला. खोकल्याला आल्याचा रस घे, आणि उन्हातून आल्याबरोबर थंड पाणी पिऊ नकोस. घरच्या सगळ्यांच्या आठवणी या पाकिटात कोंबल्या आहेत, जपून उघड.

तुझा धाकटा आणि या वर्षापुरता हट्टी,
शिवदास

ता. क. दोन बॅटऱ्या आणि एक मोठा टॉर्च कोणाबरोबर तरी पाठव. कणगीच्या आत गोकुळदासभाऊंना अंधाराची भीती वाटते. हे कोणाला सांगू नकोस.

आणखी ता. क. टॉर्चसाठी मी हे सात पानी पत्र लिहिलेलं नाही, हे तू ओळखलं असशील. नायिका कोण, ते सांगायला धीर होत नव्हता. सावंतवाडीहून दर वर्षी बाई येते, तिनं यंदा नाही म्हटलं. ती म्हणाली, आजवर पतिव्रताच केल्या आहेत, नवरा कणगीत भरला तर पुढे मला बोलावणार कोण? दादा, आपल्या देवकीवहिनी करताहेत. तालमीत पाहिलं असतंस तर! पंधरा वर्षं त्या तालमीच्या जनेलामागे उभ्या राहून ऐकत होत्या. आपल्या वाड्याची सगळी नाटकं, सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ आहेत. मी प्रॉम्प्टर, पण मला त्या प्रॉम्प्ट करतात. मागे तू "घरच्या बायकांनी तोंडाला रंग लावायचा नाही" म्हणालास आणि विषय बंद केलास, ते त्यांना लागलं होतं, हे मला आत्ता कळलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, मी बोललो नाही, याची लाज वाटते. मामीची हरकत नाही. तिला सगळी गोष्ट सांगितली, मुलगा कणगीत जातो हेही सांगितलं. ती म्हणाली, मग कणगी आमच्याच घरची न्या, मजबूत आहे. पण कमिटीचा नियम, गावातली लग्न झालेली बाई उभी राहणार तर नवऱ्याची लेखी संमती पाहिजे. तीही पौष पुनवेच्या आत. ती नसेल तर नाटक गेलं आणि रात्रही गेली. दादा, मी कधी काही मागितलं नाही. चार ओळी लिहून सही कर. पाया पडतो.

(याखालचं अक्षर माझं आहे. पत्र टपालात टाकायला शिवदासभावजींनी माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. खोकल्याचं औषध वेगळ्या पाकिटातून पाठवलं आहे. भावजी घाईत एक गोष्ट विसरले. पत्र तुम्हाला पोचायला पंधरा दिवस लागतात आणि कमिटीची मुदत आठ दिवसांची आहे. म्हणून संमती मी लिहिली, खाली तुमची सही केली, आणि काल गोकुळदासभावजींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि बरोबर आहे म्हणाले. रेशन, शाळा, पंचायत, सगळ्या कागदांवर नऊ वर्षं तुमची सही मीच करते, त्यामुळे गावाला माहीत असलेली सही ती हीच. आता तुम्ही खरी पाठवलीत, हो म्हणून किंवा नाही म्हणून, तर ती तिच्याशी जुळणार नाही, आणि खोटी ठरेल ती तुमची. तेव्हा काही लिहू नका. रजा मिळाली तर माघ पुनवेला या. — देवकी)