जाळीतला कूलर

२८ एप्रिल, अकोला
दिल्लीहून मेल. मी आखलेलं बाळापूरचं गुरुजींचं घर बक्षिसासाठी शेवटच्या तिनांत, ‘यंत्राविना गारवा’ या गटात. आम्हा आर्किटेक्टांच्या राष्ट्रीय संस्थेला वऱ्हाड पहिल्यांदाच दिसलं. आजवर आमची फक्त वर्गणी दिसायची. सकाळपासून एका जागी बसवत नाही.

३० एप्रिल
बाळापूर. गुरुजींना बातमी द्यायला गेले. पश्चिमेच्या माझ्या विटांच्या जाळीत मधोमध कूलर. उरलेली भोकं थर्माकोलनं बंद.
“हा काहून बसवला गुरुजी?”
“गरम होते, मॅडम.”
गुरुजींच्या बायको, मावशी, चहा देता देता : “जाळी चांगली आहे तुमची. कूलर बराबर बसला तिच्यात.”
स्पर्धेला पाठवलेले फोटो जानेवारीतले. तेव्हा कूलरची गरजच नव्हती.

३ मे
परीक्षक १२ला येणार. संस्थेच्या दिल्लीच्या बाई फोनवर गोड : “बस, घर फोटो जैसा ही दिखे।”
लगेच अमरावतीच्या देशमुखांचा फोन. संस्थेचे इथले अध्यक्ष, त्यांना सगळं आधी कळतं. “ताई, दोन घंट्यासाठी काढून टाका कूलर. वऱ्हाडात दिल्लीचं बक्षीस कधी आलं नाई.”
हो म्हटलं. फार पटकन म्हटलं.

७ मे
परत बाळापूर. गुरुजी ऐकताक्षणी तयार. “तुमच्या इज्जतीचा सवाल आहे, काढू.” मावशी : “मागच्या मे महिन्यात ह्यायले ऊन लागलं होतं. सलाईनवर होते. आमी त्या दिवशी पातूरले बहिणीकडे जातो. तुमी दाखवा घर, पाह्यजे तसं.”
राग नव्हता आवाजात. असता तर बरं.
म्हणजे बिनमाणसांचं घर. परीक्षकांना तसंच आवडतं म्हणा.

९ मे
नकाशा काढून बसले. जाळी पश्चिमेला का? दिल्लीच्या अधिवेशनात शिकले, वारा आत घ्या. सभागृहात एसी इतका की शाली पांघरून ऐकलं होतं. वारा येईल हे पाहिलं. मे महिन्यात दुपारी बाळापुरात कसला येईल, ते नाही.
तरी बक्षीस हवंय. खूपच हवंय. लाज वाटते, तरी हवंय.

१० मे
मावशींना फोन. पातूर रद्द करायला लावलं, घर दाखवताना तुम्ही दोघं घरात हवेतच म्हटलं. कूलरचं काय, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. देशमुखांनी मात्र परस्पर माणूस ठरवलाय, कूलर काढायला.

१२ मे, बाळापूर, ओट्यावर
परीक्षक अकोल्याहून निघाले. देशमुख त्यांच्याच गाडीत, सारखे मेसेज : काढला का?
उत्तर दिलं नाही.
आत गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून कूलरसमोर, पेपर वाचताहेत. माणूस पान्हा घेऊन हजर.
मावशी दारात येऊन : “मॅडम, काढू म्हणू काय याले?”
म्हटलं, आधी त्याला चहा घेऊ द्या.
त्याचा चहा संपत आलाय.