वीस मिनिटांची वाट

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिलं असतं, पण तू ठीक राहू दिलेलं नाहीस. महिन्यापूर्वी रविवारच्या पुरवणीत तू लिहिलंस, की शहराला लागून असलेल्या या राष्ट्रीय वनात फाटकापासून जेमतेम वीस मिनिटांवर झरा आहे आणि तिथे कुणीही नसतं. आता असतं. कालच्या रविवारी चारशे अकरा माणसं होती. झऱ्यात बाटल्या गार करत ठेवलेल्या. एकाला स्पीकर बंद करायला सांगितला, तर म्हणतो, पाखरांनाही संगीत आवडतं!

उन्हाळ्यात हरणांना पाण्याची तेवढी एकच जागा. पंधरा दिवसांत चिखलात एक खूर उमटलेला नाही. वर आमचे साहेब गर्दीवर खूश. तीस तारखेला नोंदवही बघायला येणार. गर्दी टिकली तर झऱ्यापर्यंत सिमेंटची वाट, कठडा आणि दिवे. मी रेंजर असलो तरी त्यांच्या हाताखालचा. कॉलेजात इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंस, काय छापू नये हे कधी शिकणार? तुझी भावजय म्हणाली, ताईंना असं लिहू नका. लिहिलं.

तुझा वैतागलेला
धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्रात शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत. बाकी सगळं बरोबर आहे, त्याचाच जास्त राग आला. लोकांनी जंगल पाहिलं तर ते जपतील, असं मला वाटलं. चुकले. पुरवणीला खुलासा पाठवला, तर त्यांनी तो ‘वाचकांचा उदंड प्रतिसाद’ या मथळ्याखाली छापला; वर झऱ्याचा मोठा फोटो. मी हात टेकले.

वाट बंद करायचा अधिकार नाही म्हणून रडू नकोस. तुमच्या फाटकावरच्या पाटीवर सातवा नियम आहे: गरज भासल्यास मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही. मी दर खेपेस ती पाटी वाचते. तू रोज तिच्याखाली स्कूटर लावतोस. गरज भासली आहे. मार्गदर्शक मी. दर रविवारी सकाळी सहाला हजर असेन. इतर दिवशी वाटेला साखळी घाल. गुडघे माझे आहेत, त्यांची चौकशी नको.

तुझी
ताई

३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फाटकावर बसून जे ऐकलं ते तुला कळायला हवं. पहिल्या रविवारी दोनशे साठ जण आले. तू सगळ्यांचे फोन पिशवीत घातलेस, ओळ केलीस आणि प्रत्येक झाडापाशी थांबून मागच्या झाडाचं नाव विचारलंस. वीस मिनिटांच्या वाटेला साडेतीन तास! स्पीकरवाला नवव्या झाडावरून परतला. म्हणाला, घरी सासूबाई आहेत, हे इथे कशाला? दुसऱ्या रविवारी एकेचाळीस. परवा चौघं, त्यांतले दोघं वाट चुकलेले.

तक्रारवहीत सतरा तक्रारी आहेत, सगळ्या ‘त्या बाईं’विषयी. मी धास्तावलो होतो. काल साहेबांनी आधी नोंदवही पाहिली, मग तक्रारी वाचल्या, मग हळूच विचारलं, बाई आज आहेत का? नाहीत म्हटल्यावर खुर्चीत नीट बसले. शेवटी म्हणाले, चार माणसांसाठी सिमेंट कशाला! तसं लिहून सही केली.

आज पहाटे झऱ्यावर जाऊन आलो. चिखलभर खूर आहेत. एक तर अगदी छोटा, अंगठ्याएवढा.

तुझा
धाकटा

५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

या खेपेस चुका दोनच. सुधारणा आहे.

वर्ग रिकामा होऊ नये म्हणून जन्मभर घसा कोरडा केला. आता तो रिकामा झाल्याचा आनंद मानायचा, हे जरा जड जातं. तो अंगठ्याएवढा खूर पुन्हा पुन्हा वाचला, मग ते जडपण गेलं. आजही गेले होते. एकही माणूस नव्हतं. एकटीच सगळ्या झाडांची नावं म्हणत झऱ्याच्या अलीकडच्या वळणापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. पाण्यावर कुणीतरी होतं.

पाटीवर ‘मार्गदर्षक’ असं लिहिलंय. ते सुधार. नियम तसाच राहू दे.

तुझ्यावर लोभ आहेच, पण कुठे बोलू नकोस. गर्दी होईल.

तुझी
ताई