चौसष्ट शब्द आणि एक चिंचोका

१२ सप्टेंबर १९८४

मेलो! चोवीस तारखेला विज्ञान निरीक्षक माझ्या बारावीच्या तासाला बसणार. धडा कुठला, तर जनुकीय संकेत! मुख्याध्यापकांनी दार लोटून घेऊन सांगितलं, पाठ फसला तर बारावी यंदा आलेल्या नव्या शिक्षकाकडे द्यावी लागेल.

सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. पण पदवी घेतली छप्पन्न साली, आणि हा संकेत उलगडला त्यानंतर. मला तो कोणी शिकवलाच नाही. दोन वर्षं 'हे घरी वाचा' म्हणून धडा ढकलला. हे फक्त इथे लिहितो, दुसरीकडे कबूल करायची छाती नाही.

१५ सप्टेंबर

पाढे करायचो तसे कोडॉन, म्हणजे त्या संकेतातले तीन-अक्षरी शब्द, पाठ करायला घेतले. चौसष्ट! आंघोळीच्या वेळी चाळीस येत होते, चहापर्यंत नऊ उरले. सावित्री म्हणाली, हा कुठला नवा मंत्र घेतलात? बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

१६ सप्टेंबर

नऊसुद्धा गेले.

१९ सप्टेंबर

आज पाठांतर सोडलं आणि साधा प्रश्न केला — तीन-तीन अक्षरंच का? अक्षरं चार : ए, यू, जी, सी. प्रथिनं घडवणारी अमिनो आम्लं वीस, प्रत्येकाला शब्द हवा. दोन-दोन अक्षरांचे शब्द केले तर होतात सोळा, म्हणजे चार आम्लं बिनानावाची राहतात. तीन-तीनचे केले तर चौसष्ट — चंगळच! म्हणून तर कोणाला दोन शब्द, कोणाला चार, कोणाला सहा. आणि तीन शब्द नुसते 'थांबा' सांगायला. एवढं सोपं होतं? स्वतःचाच राग आला.

मुलांना हातात धरता येईल अशी माळ करणार. काजूची बी म्हणजे ए, फणसाची आठळ म्हणजे यू, सुपारी जी, चिंचोका सी. सावित्रीने मातीत घोळून ठेवलेल्या आठळ्यांतल्या वीसेक मागून घेतल्या. कुरकुरत दिल्या.

२३ सप्टेंबर

माळ सुतळीला गाठी मारून तयार. ए-यू-जीने सुरुवात, यू-ए-ए या 'थांबा'ने शेवट.

२४ सप्टेंबर

सुटलो! देवा, सुटलो!

निरीक्षकसाहेब मागे बसले. मुलं माळेवर बोट ठेवत तीन-तीन बिया वाचत होती, मी फळ्यावर वहीतून उतरवलेल्या माळेच्या अक्षरांखाली आम्लं लिहीत होतो. तेवढ्यात राही उठली. मिरजोळ्याहून चालत येणारी मुलगी, कोणाला भीत नाही. "सर, हितं आठळ पायजे व्हती. ह्यो चिंचोका कसा?"

बघितलं. खरंच चिंचोका! कालच्या माझ्या हिशेबात तिथे जी-जी-यू, म्हणजे ग्लायसीन हे आम्ल. आता झालं जी-जी-सी. वाटलं, गेली बारावी.

आणि एकदम उजाडलं — जी-जी-सी म्हणजेही ग्लायसीन! तिसरं अक्षर कुठलंही घाल, जी-जी म्हटलं की ग्लायसीनच. "राही, तो चिंचोका पहिल्या जागी घालून वाच बघू," मी म्हटलं. तिने पुस्तकातल्या कोडॉनच्या तक्त्यात शोधलं. आम्ल बदललं! सगळा वर्ग तक्त्यावर वाकला. पुढची वीस मिनिटं मला शिकवावंच लागलं नाही. राहीनेच शोधून काढलं, की ट्रिप्टोफॅन या आम्लाला एकच शब्द आहे, तिथे चूक चालत नाही.

साहेब शेरा न सांगताच निघून गेले. जाऊ देत. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी उलगडा झाला. काल भाजीला आठळ्या कमी पडल्या म्हणून सावित्रीने माझ्या उरलेल्या घेतल्या. माळेतली एक ढिली होती, तीही गेली. मोकळी गाठ बरी दिसेना, म्हणून तिने तिथे चिंचोका बांधला. रागवायला तोंड उघडलं, पण हसूच आलं. भाजी मीच दोनदा वाढून घेतली होती.

२९ सप्टेंबर

अजून शेरा नाही. मुख्याध्यापक नजर चुकवतात. पुन्हा धाकधूक.

३ ऑक्टोबर

'पाठ उत्तम' असा शेरा आला. बारावी माझ्याकडेच!

सोबत माझ्या नावाचा बंद लिफाफा. आत साहेबांच्या हातची चिठ्ठी : "सर, मी पंचावन्न सालचा पदवीधर. हा धडा मलाही त्या दिवशीच कळला. चिपळूणला आपल्या वयाचे बावीस शिक्षक बोलावतो आहे. शिकवाल का? मी पहिल्या बाकावर बसेन."