चीन मागे फिरला आणि माझी पडवी गेली

मुरुड, शनिवार, २४ नोव्हेंबर १९६२

तीर्थरूप मामांचे चरणी रघूचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत (मी सोडून, पण तसे लिहू नको असे आई म्हणते). मामींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. नारळांची पाटी एसटीत घातली आहे. उरणला निम्मे पोचले तरी पुष्कळ.

मी कॉलेज अर्धवट सोडले ते तुम्हांला ठाऊकच आहे. अर्थशास्त्राचे सर बोलले, मी उलट बोललो, टेबलावर वही आपटून घरी आलो. पण इथे अर्धवट कोण बघतो? गेल्या महिन्यात चीनने हल्ला केला आणि आमच्या आळीतले धर्माजीकाका म्हणाले, "तू शिकलेला हायस, आम्हांला समजावून सांग." मी रोज संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसू लागलो. चीनमध्ये धान्य का आटले, लोकांनी परसात भट्ट्या लावून लोखंड का वितळवले, रशियाशी त्यांचे का बिनसले, सगळे सांगितले (निम्मे वाचलेले, निम्मे तिथेच सुचलेले). दाराआड त्यांची लेक सगुणा तांदूळ पाखडायची. सुपाचा आवाज थांबला की मी समजायचो, ती ऐकते आहे; मग परराष्ट्र धोरणावर आणखी अर्धा तास. मामा, परीक्षेत मी इतके कधी लिहिले नाही.

अशात तिला पेणचे स्थळ आले. मुलगा मुंबईच्या गोदीत कारकून, मार्गशीर्षात सुपारी फोडून लग्न पक्के करायचे. धर्माजीकाकांनी मलाच विचारले, "लढाईत सुपारी फोडावी का रे?" मी गंभीर चेहऱ्याने सांगितले की लढाई पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल, गोदी आधी बंद पडेल, कारकुनाचे काही खरे नाही. त्यांनी लगेच सुपारी पुढे ढकलली. मी गाणे म्हणत घरी गेलो (देशावर संकट असताना हे बरे नव्हे, कळते मला).

पण इथे पेपर दुसऱ्या दिवशी येतो आणि खलीलभाईंच्या दुकानातला रेडिओ सकाळीच बोलतो. बुधवारी चीनने आपण होऊन लढाई थांबवतो म्हणून जाहीर केले. साऱ्या आळीला कळले. मी मात्र मंगळवारचा पेपर घोकत बसलो होतो. संध्याकाळी चीन कुठवर येईल ते पाऊण तास सांगितले. शेवटी धर्माजीकाका तंबाखू चोळत म्हणाले, "त्यो सकाळीच थांबला. तू कवा थांबतोस?" मी तडक जाऊन खलीलभाईंना म्हणालो, तुमचा रेडिओ खोटा आहे. ते म्हणाले, "बस बेटा, चाय पी." मी चहा न पिता आलो.

लढाई थांबली म्हणून सुपारी पुन्हा येत्या गुरुवारी ठरली आहे. आता मला त्या पडवीत बसायला कारण उरले नाही. संध्याकाळी वाटेने जातो तेव्हा सुपाचा आवाज येतो. तो थांबत नाही.

आपला भाचा,
रघू

ता. क. चीनसाठी हे पत्र लिहिले नाही, हे ओळखलेच असेल. धर्माजीकाका तुमचा शब्द मानतात. बुधवारपर्यंत या आणि सगुणेला माझ्यासाठी मागणी घाला. मी कॉलेज पुरे करीन. सरांची माफीही मागेन (हे सर्वांत शेवटी).

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी विहिरीवर गेलो होतो. सगुणा म्हणाली, "म्हैनाभर चीनच्या मनातलं समदं सांगितलंत. माझ्या मनातलं कवा इचारलंत?" मी म्हटले, विचारले असते तर? ती कळशी उचलून म्हणाली, "इचारलं न्हाय ना अजून." मामा, याचा अर्थ मला लागत नाही. बुधवार नको, मंगळवारीच या.