हिरव्या खणातला डबा कटांच्या यादीतून कमी करणेबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
'डोळ्यांत तेल' नागरिक दक्षता मोहीम,
कर्जत-खालापूर विभाग.

विषय : माझा जेवणाचा डबा उधळलेल्या कटांच्या यादीतून कमी करून मुलाचे काम परत मिळवून देणेबाबत.

संदर्भ : १) माननीय तात्यासाहेबांची कशेळे, नेरळ व खालापूर येथील भाषणे.
२) माझा पहिला अर्ज.
३) त्याला आपण दिलेले उत्तर, ज्यात उत्तर नाही.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून मी, भागूबाई येसाजी मसणे, राहणार मौजे ऐनवाडी, अर्ज करते की मी माजी ग्रामपंचायत सदस्य आहे. अर्ज कसा लिहायचा ते मला कळते आणि तो कुठल्या टेबलाखाली जातो तेही कळते. म्हणून हा दुसरा अर्ज जाड कागदावर केला आहे.

२. माझा मुलगा नवीन हा रसायनीला एका कारखान्यात ठेकेदाराकडे पिंपे भरायच्या कामावर होता व तिथेच खोली करून राहत होता. त्याला बाहेरचे जेवण सोसत नाही. सबब मी रोज सकाळी डबा करून आमच्या फाट्यावरच्या कठड्यावर ठेवत असे. डब्याजवळ कोणी बसत नाही. कशेळ्याहून येणारा जीपवाला ऋतिक तो उचलतो, कर्जतला दुधाच्या टेंपोत देतो आणि टेंपोवाला रसायनीला पोचवतो. आमच्या पट्ट्यात याला जिपेला डबा लावणे म्हणतात. कठड्यावर सात-आठ घरचे डबे असतात. कुणाचा कुठला ते बांधलेल्या फडक्यावरून कळते. आमचे फडके पिवळे. आजवर एक भाकरी इकडची तिकडे झालेली नाही.

३. डिसेंबरात आपल्या मोहिमेचे पुढारी माननीय तात्यासाहेब कशेळ्याच्या बाजारात भाषण करायला आले. सोबत गाड्यांची रांग, बंदूकवाले आणि मध्ये बांबूचे कुंपण. कुंपणापलीकडून त्यांनी आम्हाला सांगितले की घाबरू नका. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की पुढे बसलेल्या बायका घाबरल्या. शत्रू तुमच्या शेजारी बसून चहा पितो, असे ते म्हणाले, तेव्हा माणसे हातातला कप धरून एकमेकांकडे बघू लागली. पुढे म्हणाले, बेवारस वस्तू दिसली की कळवा, आणि रंगाकडे लक्ष ठेवा, जास्त बोलत नाही, तुम्ही सुज्ञ आहात. अहो, सुज्ञ असतो तर बाजार सोडून तिथे उन्हात बसलो असतो का?

४. त्या सभेत माझे यजमान येसाजी पुढच्या रांगेत होते. सरळ माणूस. कोणी माईकवरून सांगितले की ते खरेच मानतात. नेमके त्याच आठवड्यात आमचे पिवळे फडके उंदराने कुरतडले. मी ओटीत आलेला हिरवा खण फाडून त्यात डबा बांधला. सवाष्णीच्या ओटीत हिरवा खण घालतात, हातात हिरवा चुडा भरतात, हे आपल्या घरीही असेल. यजमान पहाटेच शेतावर गेले होते, त्यांना फडके बदलल्याचे माहीत नव्हते. परत येताना कठड्यावर हिरवे गाठोडे दिसले. त्यांनी मोहिमेच्या नंबरावर फोन लावला. स्वतःच्या पोराच्या डब्यावर, महोदय!

५. पोलीस आले, बॉम्बशोधक पथक आले, फाटा बंद झाला. माझी या लोकांबद्दल काडीचीही तक्रार नाही. त्यांनी लांबून दोरी लावून डबा ओढला, तो कठड्यावरून पडून चेपला. मग पथकाच्या साहेबांनी स्वतः उघडला. आत तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुकटीची चटणी निघाली. साहेब म्हणाले, मावशी, वास फक्कड आहे. विषय तिथे संपला होता.

६. पण तात्यासाहेबांनी तो संपू दिला नाही. नेरळच्या सभेत ते म्हणाले की ऐनवाडी फाट्यावर हिरव्या कापडातली संशयास्पद वस्तू एका जागरूक शेतकऱ्यामुळे सापडली. त्याच मंचावर यजमानांना शाल-श्रीफळ दिले. मी तिथेच उभी राहून ओरडले की त्यात बिरडं हाय, तर ढोल वाजवला. खालापूरच्या सभेपर्यंत बिरड्याला पाय फुटले. वस्तूचा मोठा कट झाला, कटाला परदेशी हात लागला आणि रसायनीत काम करणारा, रसायनांचा जाणकार असा एक स्थानिक तरुणही त्यात आला. नाव घेतले नाही. नावाची गरजच काय? ऐनवाडीतून रसायनीला एकच पोरगा जातो. माझा नवीन बारावी नापास आहे, त्याला रसायनाचे एवढेच ज्ञान की पिंप सांडले तर पळायचे.

७. त्या सभेला ठेकेदाराचा मुकादम बसला होता. दुसऱ्या दिवशी नवीनला गेटवर थांबवले. ठेकेदार म्हणाला, बाबा, तुझं काय नाय रं, पण वरून विचारलं तर मी काय सांगू? तू कागद आण. तेव्हापासून पोरगा घरी आहे. कठड्यावर आता एकही डबा नसतो. सगळ्यांनी बंद केले, आणि जीप थांबते तिथे लोक माझ्यापासून हातभर लांब उभे राहतात.

८. कागदासाठी मी पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, त्याच्यावर गुन्हाच नाही, तर निर्दोष असल्याचा दाखला कशाचा देऊ? बरोबरच आहे. मग आपल्याकडे पहिला अर्ज केला. आपण कळवले की सदर घटना मोहिमेच्या यशोगाथेत, उधळलेल्या कटांच्या यादीत छापून झाली असल्याने आता कमी करता येत नाही. म्हणजे पोलिसांच्या हिशेबी तो डबा आहे, आपल्या हिशेबी तो कट आहे, आणि कटात धरलेला कोणी नाही. असला कट मी तरी ऐकला नाही.

९. सबब माझी पर्यायी विनंती अशी की, डबा यादीतून निघत नसेल तर नवीनला अर्ध्या दिवसासाठी रीतसर अटक करावी. संध्याकाळी सोडावे आणि सोडल्याचा कागद द्यावा. डबा मीच भरला, तेव्हा मलाही धरले तरी चालेल. पुरावा म्हणून बिरडे पुन्हा करून देईन, कारण पहिले पथकासमोरच कुत्र्याने खाल्ले. कुत्रा ठणठणीत आहे, हवा तर त्याचा जबाब घ्यावा.

१०. हेही जमत नसेल तर तिसरे सांगते. येत्या बाजारी तात्यासाहेब पुन्हा कशेळ्याला येणार आहेत. मी तोच चेपलेला डबा, त्याच हिरव्या खणात बांधून, मंचावर आणते. त्यांनी माईकसमोर गाठ सोडावी, एक घास खावा आणि सांगावे की हे बिरडे आहे आणि भागूबाईचा पोरगा साधा कामगार आहे. एवढेच. शत्रूला घाबरत नाहीत, तर माझ्या हातच्या वालाला कशाला घाबरायचे? आणि मी गप्प बसेन असे आपल्याला वाटत असेल तर ते मनातून काढावे. माझ्या पोराच्या तोंडचा घास गेला आहे.

११. एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. यजमान शालीला हात लावत नाहीत. परवा मी त्यांची न्याहारी फडक्यात बांधून बांधावर ठेवली आणि गवत कापू लागले. वळून बघते तर ते गाठोड्यासमोर उभे. गाठ सोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग मला हाक मारून म्हणाले, भागू, तूच सोड गं. तीस वर्षे माझ्या हातची भाकरी खाणारा माणूस, महोदय. तात्यासाहेब पुढच्या भाषणात विचारतील की शत्रूने आपले काय बिघडवले, तेव्हा त्यांना हे सांगावे.

आपली, अजून तरी नम्र,

भागूबाई येसाजी मसणे
(सही, अंगठा नव्हे)
मौजे ऐनवाडी, दि. ७ जानेवारी २०२६

सोबत :
१. शाल, घडी न मोडलेली. परत.
२. श्रीफळ जोडता येत नाही. त्याचे खोबरे बिरड्यात गेले.
३. हिरव्या खणाचा तुकडा, ओळख पटण्यासाठी. उरलेला डब्याला लागणार आहे.