तुझ्या वतीने

प्रिय लंबू,

'अत्र कुशलम्' लिहायची खोड जुनी, पण इथे कुशल फारसं कोणी नाही. कॉलेज पाहून आलो. वसतिगृहाला नवा रंग लावलाय; ढेकणांनी मात्र परंपरा राखली असावी. मग मोटूच्या घरी गेलो. आता त्याला मोटू म्हणणं हा निव्वळ अलंकार, अंथरुणात चादरच जास्त दिसते. मेंदूच्या आजारामुळे माणसं ओळखत नाही. मला पाहून म्हणाला, "लंबू, आलास!"

माझी उंची तू जाणतोसच. मी दुरुस्ती करणार, तोच वहिनी कानाशी म्हणाल्या, "भावजी, रोज त्यांचाच जप चालतो. हो म्हणा ना, तुमचं काय जातंय?"

परकायाप्रवेश ग्रंथांत वाचला होता, करायची वेळ पहिलीच.

मोटू म्हणाला, "त्या मारामारीत तुझं नाव प्राचार्यांना मीच सांगितलं रे. तुला कॉलेजातून काढलं. अजून राग आहे?"

इतक्या वर्षांत तू त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. मी म्हणालो, "नाही रे गाढवा. केव्हाच विसरलो."

तो हमसून हमसून रडला, मग शांत झाला. तुझी क्षमा मी परस्पर देऊन टाकली. हे पत्र मात्र पाठवणार नाही. वाचून तू खरंच आलास, तर त्या बिचाऱ्यापुढे दोन लंबू उभे राहायचे.

निघताना त्याने माझा हात धरून ठेवला. "तू तरी आलास. आपला शास्त्री का येत नाही रे?"

"येईल," मी म्हणालो. तो दाराकडे बघत राहिला.

तुझा,
शास्त्री