प्रल्हादच्या किडन्या

चँडलर, १२ जानेवारी

ती. रत्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर वाचवत नाही, म्हणून पत्र. रिटायर झाल्यापासून मला सायकल शर्यतींचं वेड लागलंय. सुचित्रा म्हणते, या वयात घट्ट चड्डी घालून गावभर काय मिरवता! साठीवरच्या गटात मी नेहमी मागून दुसरा असतो.

काम असं, की सायकलवरचा माझा दोस्त प्रल्हाद, त्याच्या किडन्या थकल्यात. रक्त वाढवायची इंजेक्शनं इन्शुरन्स देत नाही. तू पुण्याला चाललीच आहेस, तर घेऊन ये. आपल्या मंडळींची निम्मी औषधं तुझ्याच बॅगेतून येतात.

लोभ आहेच, बॅगेत जागाही असू दे.
तुझा,
मनोहर

श्रूजबरी, २ मार्च

चि. मनोहर यास,
अनेक आशीर्वाद.

इंजेक्शनं बर्फात ठेवून आणली, काल कुरियरने पाठवली. कस्टमच्या माणसाला माझंच औषध म्हणून सांगितलं. इतकी वर्षं डॉक्टरकी केली पण असं खोटं कधी बोलले नव्हते. प्रल्हादच्या पायांना सूज आहे का? मीठ कमी केलंय का? त्यांचा नंबर कळव, मीच बोलते. हल्ली देवापुढे त्यांचंही नाव घेते.

सुचित्राला आशीर्वाद. तू हळू चालव.
तुझी,
ताई

चँडलर, २० मे

ती. ताईस,
सा. न.

चिडू नकोस. राज्याच्या शर्यतीत मी पहिला आलो. नंतर तपासणी झाली आणि माझ्या रक्तात ते औषध सापडलं, शर्यतीत त्याला बंदी आहे. ते मीच घेत होतो. अगं, साठीनंतर इथं सगळेच काही ना काही घेतात. पुढे जाताना तरुण पोरं माझ्या पाठीवर थाप मारून ‘गुड एफर्ट, अंकल’ म्हणायचे, ते किती झोंबतं तुला काय कळणार!

मला ॲनिमिया होता म्हणून तू ते दिलंस, एवढं तुझ्या लेटरहेडवर डिसेंबरची तारीख घालून लिहून दे. भावासाठी एवढं करशीलच. प्रल्हादला मात्र फोन करू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
मनोहर

श्रूजबरी, २७ मे

मनोहर,

सुचित्राकडून नंबर घेऊन प्रल्हादना फोन केला. त्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत. त्या शर्यतीत तेच दुसरे आले होते आणि तुझं तोंडभरून कौतुक करत होते. ज्याला हरवायचं त्यालाच आजारी पाडलंस, आणि मी मूर्खासारखी त्याच्या पायांची सूज विचारत बसले!

शर्यतीच्या समितीला पत्र धाडलं आहे. तू माझा पेशंट नव्हतास, औषध मी खोटं सांगून आणलं, असं लिहिलं. देवळातल्या दवाखान्यात मी दर रविवारी फुकट तपासते, तिथेही सांगितलं. त्यांनी मला आता येऊ नका म्हणून कळवलंय. तिथल्या म्हाताऱ्या बायका माझी वाट बघतील. मला तुझी किळस आली आहे.

डॉक्टर म्हणून शेवटचं सांगते. त्या औषधाने रक्त दाट होतं. पाणी भरपूर पी. तोंड वाकडं झालं, हात जड पडला, तर ताबडतोब ९११ ला फोन कर. मला करू नकोस.

रत्ना